कादंबरी घ्यायची, ती कोणाला विचारून?



भूम तालुक्यातल्या ईट गावाहून एका गुरुजींचे पत्र आले आहे. पोस्टकार्ड नव्हे, मोबाइलवरून पाठविलेले. पण वळण जुनेच. वर 'स. न. वि. वि.' आणि खाली 'आपला नम्र'. गुरुजी लिहितात, "गावातल्या मंडळींनी वर्गणी करून शाळेच्या पुस्तकांच्या कपाटासाठी दहा हजार रुपये जमविले आहेत. खव्याच्या भट्टीवाल्यांनी दिले, दूध घालणाऱ्यांनी दिले, दोन म्हाताऱ्या बायांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडून शंभर-शंभर दिले. लहान मुलांची गोष्टींची पुस्तके आमच्याकडे आहेत. आता वरच्या वर्गातली मुले, गावातली शिकलेली पोरे-पोरी आणि आम्ही शिक्षक यांच्यासाठी कादंबऱ्या घ्यायच्या आहेत. आपण मराठीचे प्राध्यापक आहात. चांगल्या चाळीस कादंबऱ्यांची यादी पाठवावी."

तर मंडळी, आजचे हे बोलणे म्हणजे गुरुजींच्या पत्राचे उत्तर आहे. पण ज्यांच्या गावी असेच एक कपाट आहे आणि असेच थोडेसे पैसे आहेत, त्या सगळ्यांनी ते आपल्यालाच आले आहे असे समजावे.

गुरुजी, यादी मी पाठवीत नाही. राग मानू नका. मराठीचा प्राध्यापक म्हटला की त्याच्या खिशात कादंबऱ्यांची एक यादी असते, हे खरे. पण ती कशी तयार झालेली असते ते आमचे आम्हालाच ठाऊक. जिच्यावर पंधरा गुणांचा प्रश्न चांगला निघतो ती कादंबरी आम्हाला हळूहळू चांगली वाटू लागते. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून माझीही नजर थोडी तशीच झाली आहे. शिवाय तुमच्या गावात रात्री जेवणानंतर पुस्तक हातात कोण धरणार, भट्टीवरून परतलेला बारावी झालेला मुलगा की अंगणवाडीच्या बाई, हे मला इथे बसून काय कळणार?

म्हणून यादीऐवजी मी तुम्हाला एका माणसाकडे पाठवतो. तो माणूस म्हणजे पुस्तकांचा दुकानदार.

"दुकानदाराला काय विचारायचं? तो आपला पडून राहिलेला मालच गळ्यात मारणार!" असे तुमच्यापैकी काही जण आत्ता म्हणाले असतील. शंका रास्त आहे, आणि तिच्याकडे मी येणार आहे. आधी एक पाहा. तुमचा मुलूख खव्याचा. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा कुठवर जातो ते तुम्हाला सांगायला नको. खवा घ्यायला आलेला जाणता व्यापारी काय करतो? चिमूटभर खवा तळहातावर घेतो, अंगठ्याने रगडतो, तूप किती सुटते ते बघतो, दाणा बघतो, आणि मग भावाचे बोलतो. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकविलेले नसते. हजार वेळा रगडून त्याचा हात तयार झालेला असतो. कादंबऱ्यांच्या बाबतीत असा हात तयार झालेली माणसे आपल्या महाराष्ट्रात आहेत. फार नाहीत, पण आहेत. ती नेमकी कोण, हे ओळखता आले पाहिजे.

पुस्तके विकणारे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. तालुक्याच्या गावी आपल्याला दिसते ते बहुधा वह्या, गाईडे, नकाशे, कंपासपेट्या यांचे दुकान. जून-जुलैमध्ये त्याचे सगळे वर्ष निघते. त्याने कादंबऱ्या ठेवल्या नाहीत म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. दुसरा असतो पुरवठादार. शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या यांना तो गठ्ठ्याने पुस्तके पुरवतो. त्याचे दुकान कित्येकदा एका टेम्पोत, नाहीतर नुसते कोटेशनच्या कागदावर असते. आणि तिसरा, ज्याच्याविषयी मी बोलतो आहे तो, स्वतंत्र पुस्तकविक्रेता. स्वतंत्र एवढ्याच अर्थाने की त्याच्या फळीवर काय असावे हे दूरच्या कुठल्या कचेरीत ठरत नाही. ते तो ठरवतो. गल्ल्यावर तोच बसतो, पुस्तक तोच काढून देतो, आणि दुपारी गिऱ्हाईक नसले की तेच पुस्तक वाचत बसतो.

या माणसाच्या शब्दाला वजन का, ते धंद्याच्या हिशेबात आहे. मराठी कादंबरीची एक आवृत्ती साधारणपणे हजारभर प्रतींची निघते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची वस्ती सव्वा अकरा कोटी भरली. तिच्यापुढे हजार प्रती, आणि त्याही सरायला कित्येकदा वर्षे लागतात! पुस्तकावरची किंमत प्रकाशक छापतो. विक्रेत्याला तीवर शेकडा तीस, पस्तीस, फार तर चाळीस असे काहीतरी सुटते. त्यातून दुकानाचे भाडे, वीज, हमाली, टपालखर्च, पोऱ्याचा पगार, आणि वर गिऱ्हाईक मागेल ती सूट. आता अशा दुकानदाराने एखाद्या नव्या, नाव नसलेल्या लेखकाच्या कादंबरीच्या दहा प्रती आणून फळीवर मांडल्या, तर त्याने स्वतःचे पैसे अडकवून ठेवले आहेत. त्या प्रती दोन वर्षे तशाच राहिल्या तर तोटा त्याचाच. म्हणून "हे घेऊन जा, वाचा" असे तो म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे त्याची गाठची रक्कम उभी असते. समीक्षकाचे तसे नसते. आम्हा प्राध्यापकांचे तर नसतेच नसते.

आणि दुसरी गोष्ट. टेम्पोवाला तुम्हाला पुन्हा भेटेल याचा भरवसा नाही. दुकानदार मात्र तिथेच बसलेला आहे. आज त्याने तुम्हाला रद्दी दिली तर पुढच्या खेपेला तुम्ही त्याची पायरी चढणार नाही, हे त्याला पक्के माहीत असते. मघाची शंका होती ना, की त्याचा स्वार्थ आहे? आहेच. पण तो स्वार्थ दूरवरचा आहे, आणि दूरवरचा स्वार्थ माणसाला बराच प्रामाणिक ठेवतो.

आपल्याकडे ही परंपरा चांगली रुजलेली होती. मुंबईत गिरगावात मॅजेस्टिक नावाचा सिनेमा होता. त्याच्यापाशी १९४२ च्या सुमारास केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचा स्टॉल मांडला, आणि सिनेमाचेच नाव स्टॉलला पडले. मॅजेस्टिक बुक स्टॉल. पुढे त्या स्टॉलातून दुकान झाले, प्रकाशन झाले, आणि १९६४ च्या जानेवारीत केशवरावांनी 'ललित' हे मासिक काढले. या मासिकाचा विषयच मुळी पुस्तके. कोणते नवे निघाले, कोण काय लिहितो आहे, कोणाचे काय फसले. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने भल्याभल्या लेखकांच्या टोप्या उडवीत, आणि लोक ते आधी उघडून वाचीत. 'ललित'नेच 'चोखंदळ वाचकांची निवड' हा उपक्रम चालविला. वाचणाऱ्यांना विचारायचे, की बाबांनो, तुम्हाला यंदा कोणती पुस्तके आवडली? पाहा, विक्रेत्याच्या गल्ल्यावर जी कुजबूज चालते तिला एका विक्रेत्यानेच छापील रूप दिले.

इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत असेच काम मुंबईत टी. एन. शानभाग यांनी केले. त्यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात पुस्तके मांडली आणि त्याचा स्ट्रँड बुक स्टॉल झाला. त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही दुकानांना नाव सिनेमाने द्यावे हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. खेळ सुरू व्हायला अवकाश आहे म्हणून माणूस पुस्तके चाळू लागला असेल, आणि मग खेळच चुकला असेल. ते स्ट्रँड २०१८ साली बंद झाले. अशी दुकाने बंद होतात तेव्हा पुस्तके दुसरीकडे मिळतातच. पण गिऱ्हाइकाचे तोंड पाहून पुस्तक काढून देणारा माणूस जातो, त्याचे काय?

काही कादंबऱ्यांना या माणसाची गरज नसते. वि. स. खांडेकरांची १९५९ ची 'ययाति', रणजित देसाईंची १९६२ ची 'स्वामी', शिवाजी सावंतांची १९६७ ची 'मृत्युंजय', ही पुस्तके विकायला जीभ लागत नाही. ती आपल्या पायांनी चालतात. गुरुजी, ती घेऊ नका असे मी म्हणत नाही. पण तुमच्या गावात कोणाच्या ना कोणाच्या फडताळात ती निघतील. आधी दवंडी पिटा, मागून घ्या. वर्गणीचे पैसे, ज्या पुस्तकांना हात धरून आणावे लागते त्यांच्यासाठी ठेवा. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे या पंचविशीतल्या तरुणाची 'कोसला' छापली. लेखक नवखा, लिहिण्याची तऱ्हा तोवर कोणी न पाहिलेली. अशी कादंबरी जाहिरातीवर खपत नाही. "हे वाचून बघा बरं" म्हणत ती या हातातून त्या हातात जाते, आणि त्या साखळीची पहिली कडी पुष्कळदा दुकानदार असतो.

या दुकानदारांना शहराबाहेर ओढून आणण्याचेही प्रयत्न झाले. १९७४ साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने वाचकांचीच चळवळ उभी केली आणि पुस्तके गावोगाव नेली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेत २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या फिरताहेत. आणि आपल्या जिल्ह्याचे म्हणाल तर १० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. भाषणे पुष्कळ झाली. मी मात्र बराच वेळ पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडत होतो, आणि तिथे ऐकलेला एक संवाद मला अजून आठवतो.

एक धोतर-सदऱ्यातले गृहस्थ एका गाळ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शेतीवरची एखादी कादंबरी असंल तर दाखवा." विक्रेत्याने फळीकडे हात नेला नाही. त्याने विचारले, "काका, शेती कोरडवाहू का बागायती?" गृहस्थ हसले. "कोरडवाहूच की. आमच्याकडं पाणी कुठलं?" "आणि घरात शिकलेलं कोण आहे?" "थोरला बीएड झालाय. बसून हाय." तेव्हा कुठे त्या माणसाने मागे वळून एक पुस्तक काढले. सदानंद देशमुखांची 'बारोमास'.

मंडळी, ही कादंबरी २००२ ची. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातला एकनाथ पदव्या घेऊन गावी परत आलेला. मास्तरकीच्या नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत, आणि घरच्या कोरडवाहू जमिनीत राबून हाताला काही लागत नाही. विदर्भातल्या गावाची कथा, पण बालाघाटावरच्या कोणत्याही गावात ती जशीच्या तशी लागू पडते. त्या विक्रेत्याने दोन प्रश्नांत गिऱ्हाइकाचे घर ओळखले. पुरस्काराचा उल्लेखही केला नाही. पुस्तक मागे-पुढे करून काकांनी शेवटी विचारले, "रडायला लावंल का?" तो म्हणाला, "लावील. पण बंद करून ठेवावंसं वाटणार नाही." काकांनी पैसे मोजले.

हेच काम जपानातल्या विक्रेत्यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. तिथे २००४ सालापासून एक पारितोषिक आहे, त्याचे नाव 'होन्या ताइशो', म्हणजे पुस्तकांच्या दुकानांचे पारितोषिक. परीक्षक म्हणून ना लेखक, ना प्राध्यापक. देशभरच्या दुकानांत पुस्तके विकणारे साधे नोकर मत देतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाने तीन पुस्तके सुचवायची. त्यांतून दहा पुढे येतात. दुसऱ्या फेरीत मत द्यायचे असेल तर ती दहाच्या दहा वाचलेली असली पाहिजेत, आणि आपली निवड का, तेही लिहावे लागते. कसोटी एकच: आम्हाला कोणते पुस्तक विकावेसे वाटते? पहिल्याच वर्षी त्यांनी निवडली योको ओगावा या लेखिकेची कादंबरी. एक वृद्ध गणितज्ञ आहे. अपघातामुळे त्याची नवी आठवण फक्त ऐंशी मिनिटे टिकते. त्याच्याकडे काम करणारी बाई आणि तिचा शाळकरी मुलगा, यांना तो अंकांची गोडी लावतो. रोज सकाळी ओळख नव्याने करून द्यायची, आणि रोज गणित तिथूनच पुढे. गणिताचे शिक्षक ऐकत असतील त्यांनी हिचे इंग्रजी भाषांतर जरूर मिळवावे. असली कादंबरी खपेल असे आधी कोणी सांगितले असते का? दुकानातल्या माणसांनी सांगितले, आणि ती लाखांनी खपली.

अमेरिकेतही स्वतंत्र विक्रेत्यांची संघटना दर महिन्याला अशी यादी काढते. विक्रेते नवी पुस्तके वाचतात, आवडले त्यावर दोन-चार ओळी लिहून पाठवतात, त्यांतून यादी होते. आणि दुकानात त्या त्या पुस्तकाखाली फळीला एक छोटी चिठ्ठी चिकटविलेली असते. वाचणाऱ्या नोकराच्या हस्ताक्षरात, खाली त्याचे नाव. ही चिठ्ठी मला फार आवडते. तिच्याकडे मी शेवटी परत येतो.

आता विक्रेत्याचे खरे कसब कशात असते, तेही सांगतो. ते एक पुस्तक सुचविण्यात नसते. एकामागून दुसरे सुचविण्यात असते. उदाहरण घ्या. उद्धव शेळक्यांची 'धग' ही १९६० ची कादंबरी. वऱ्हाडातले एक गरीब शिंपी कुटुंब, आणि नवरा खचत असताना ते ओढून नेणारी कौतिक. भाषा वऱ्हाडी. समजा एखाद्या बाईंनी ती वाचली, परत आणून दिली, आणि म्हणाल्या, "असंच आणखी काही आहे का हो?" यादी घेऊन बसलेला माणूस त्यांना म्हणेल, विदर्भातली दुसरी कादंबरी घ्या, नाहीतर शेळक्यांचीच दुसरी घ्या. जाणता दुकानदार फळीवरून काढील ती रा. रं. बोराड्यांची १९७१ ची 'पाचोळा'. तिथेही घर शिंप्याचेच. सांगणारी शिंप्याची बायको, आणि बोली आपल्या मराठवाड्याची. मशीन तेच, गरिबी तीच, आणि नवऱ्याच्या ताठ्यापायी घर कसे उडत जाते ते बायकोच्या तोंडून ऐकायचे. बोराडे लातूर तालुक्यातल्या काटगावचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. त्यांची ही कादंबरी डोळ्यांनी वाचण्याआधी मोठ्याने वाचून पाहा. तुमच्या ओट्यावर बसून कोणी बोलते आहे असेच वाटेल. कौतिकीकडून या बाईकडे जाणारी पायवाट विषयाच्या सूचीत सापडत नाही. दोन्ही पुस्तके ज्याने वाचली आहेत त्यालाच ती दिसते.

शिक्षकांना म्हणून दुकानदार एक पुस्तक हमखास देईल, आणि माझेही त्याला अनुमोदन आहे. ते म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो. शाळा आहे, पोरे नाहीत; पोरे मेंढरांमागे. तो हळूहळू वाडीचा होतो, लोकांकडून तालीम बांधून घेतो, आणि मग दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. जेमतेम दीडशे पानांचे पुस्तक. डी. एड.च्या मुलांना शिक्षणशास्त्राच्या जोडीला हे एवढे वाचायला लावले तरी पुष्कळ होईल, असे मला नेहमी वाटते.

मिलिंद बोकिलांच्या २००४ च्या 'शाळा'बद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुले, आणि नववीत जे मनात येते ते सगळे त्यात आहे. एखादा पालक कपाटापाशी येऊन "हे काय पुस्तक ठेवलंय?" म्हणून विचारील. म्हणून शिक्षकांनी ती अगोदर वाचलेली बरी. मी म्हणेन, ठेवा. अण्णाभाऊ साठ्यांची १९५९ ची 'फकिरा'ही ठेवा. तिच्या बाबतीत उलट अडचण येते, नाव सगळ्यांना ठाऊक असते आणि वाचलेली कोणीच नसते.

हां, पाहा, नको नको म्हणता मीही यादीच करू लागलो. आमची खोडच ती. परत दुकानाकडे येऊ.

चांगला दुकानदार ओळखायचा कसा? माझी एक परीक्षा आहे. दोन-चार कादंबऱ्या हातात घ्यायच्या आणि विचारायचे, "यातली कोणती नको घेऊ?" जो म्हणेल "सगळीच चांगली आहेत, घ्या," त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. जो म्हणेल, "ही तुम्हाला जड जाईल, हिचा शेवट फसलाय, पण ती दुसरी न्या," त्याच्यापाशी स्टूल ओढून बसावे. दुसरे म्हणजे, आपण आधी काय वाचले आणि काय अर्ध्यावर टाकले, हे त्याला मोकळेपणी सांगावे. वैद्यापुढे दुखणे लपवून उपयोग नाही, तसेच हे. पुष्कळ शिक्षक इथे लाजतात. "मला कोसला काही कळली नाही," हे सांगायला संकोच वाटतो. अहो, तेच सांगा! त्यावरूनच तो पुढचे पुस्तक काढणार आहे. आणि तिसरे, कोऱ्या राहिलेल्या प्रती महिना-दोन महिन्यांत बदलून देईल का, हे आधी विचारून घ्यावे. ओळखीचा दुकानदार बहुधा देतो.

पैशांची गोष्ट आता बोललीच पाहिजे, कारण गावाचे पैसे आहेत. एका संस्थेच्या ग्रंथखरेदी समितीवर मी एकदा होतो. संस्थेचे नाव नको. तीन कोटेशने आली. दोन दुकानदारांनी शेकडा पंधरा-वीस सूट दिली, तिसऱ्याने एकदम पन्नास. आम्ही शहाण्यांनी तिसऱ्याचे घेतले, सही करणाऱ्यांत मीही होतो. गठ्ठे आले. सोडले तेव्हा एकाच कादंबरीच्या चार प्रती निघाल्या. एका ऐतिहासिक कादंबरीचा भाग दुसरा होता, पहिला नव्हता. आणि कित्येक पुस्तकांवर किंमत अशी चढी छापलेली की निम्मी केल्यावरही ती जास्तच वाटावी. त्या गठ्ठ्यांतली बहुतेक पुस्तके अजून कोरी आहेत. ग्रंथपाल बाई अधूनमधून मला ती दाखवतात.

हिशेब साधा आहे. समजा पन्नास टक्के सुटीने चारशेची कादंबरी दोनशेला पडली. दहा हजारांत पन्नास पुस्तके. त्यांतली दहा वाचली गेली, तर वाचलेले एक पुस्तक हजार रुपयांना पडले. उलट दुकानदाराकडून तीनशेची कादंबरी पंधरा टक्के सुटीने दोनशे पंचावन्नला घेतली. दहा हजारांत एकोणचाळीस आली. त्यांतली तीस जरी वाचली गेली, तरी वाचलेले एक पुस्तक तीनशे तीस-बत्तीसला पडले. कपाट कोणाचे जास्त भरलेले दिसते हे खरे असले तरी पैसे कोणाचे वाचले ते तुम्हीच बघा. फ्रान्स देशात तर सरकारने १९८१ साली कायदाच केला, की नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट कोणी द्यायची नाही. सुटीच्या शर्यतीत लहान दुकाने बुडू नयेत आणि पुस्तकांची निवड त्यांच्याबरोबर बुडू नये, हा हेतू. आपल्याकडे असा कायदा नाही. गावाने ठरवून तसे वागायला मात्र कोणाची आडकाठी नाही.

"मोबाइलवरून मागवलं तर?" असेही गुरुजींनी पत्राच्या शेवटी विचारले आहे. जरूर मागवा. आडगावाला ती मोठीच सोय आहे, आणि नेमके कोणते पुस्तक हवे ते ठाऊक असेल तर त्यासारखे सोपे काही नाही. पण 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतले' म्हणून यंत्र जे सुचवते, ते विकले गेलेल्या पुस्तकांचा हिशेब करून. कोणी ते वाचून पुरे केले की पहिल्या पानावर झोपी गेला, हे त्या हिशेबात येत नाही. म्हणून खपणारेच आणखी खपत राहते. आणि एक जपा: गाजलेल्या कादंबऱ्यांच्या चोरून छापलेल्या प्रती रस्त्यावर आणि मोबाइलवरही स्वस्तात मिळतात. पुसट छपाई, मधली पाने गायब, आणि लेखकाला छदाम नाही. गावाच्या वर्गणीतून त्या घेऊ नयेत.

तेव्हा गुरुजी, असे करा. दहा हजार एका फेरीत संपवू नका. बार्शीला किंवा धाराशिवला जाणे होतेच. तिथे साहित्याची पुस्तके कोण ठेवतो, याची दोन-तीन वाचणाऱ्या माणसांकडे चौकशी करा. पुण्याला कोणी निघाले तर अप्पा बळवंत चौक आहेच. जाताना एकटे जाऊ नका. जी वाचणार आहे अशी एखादी मुलगी आणि एखादा भट्टीवरचा पोरगा बरोबर न्या, आणि दुकानदाराला त्यांच्याशी बोलू द्या. पहिल्या फेरीत सहा हजारांची घ्या, पावती घ्या, पावती शाळेच्या फलकावर लावा.

मग ती अमेरिकेतली चिठ्ठी. प्रत्येक कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक कागद डकवा. वाचणाऱ्याने नाव, तारीख आणि एक ओळ लिहायची, बस. "आवडली" एवढेच नको. काय आवडले किंवा कुठे कंटाळा आला ते. दिवाळीच्या सुटीनंतर ते सगळे कागद उतरवून घ्या आणि उरलेले चार हजार घेऊन पुन्हा त्याच दुकानात जा. कागद त्याच्यापुढे ठेवा. आणि 'पाचोळा' कोणी अर्ध्यात सोडली असेल, तर कोणत्या पानावर सोडली तेही लिहून न्या. दुकानदार ते पहिल्याने विचारील.